पिवळ्या शर्टातला माणूस

आई गच्चीवर कुरड्या वाळत घालून उतरत होती, तेव्हा जिन्यावर तिचा पाय घसरला. कठड्यावर डोकं आपटलं, खोक पडली, टाके घालावे लागले. भावाचा फोन आला तेव्हा माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती. मी कारंजाहून निघाले ती थेट सिंदीला, माहेरी आले.

भाऊ आदल्याच दिवशी तिला वर्ध्याच्या डॉक्टरांकडून घेऊन आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्कॅनमध्ये काही नाही, पण या वयात डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं. काही दिवस लक्ष ठेवा. विसंगत बोलायला लागल्या, नसलेलं दिसायला लागलं, तर थांबू नका, घेऊन या.

भावाने हे मला दारातच सांगितलं आणि तो दुकानात गेला. त्याचं बियाणं-खताचं दुकान आहे आणि हंगाम तोंडावर आलेला. भावजय स्वयंपाकात. म्हणजे लक्ष ठेवायचं काम माझं.

आई मात्र नेहमीसारखीच होती. डोक्याला पांढरी पट्टी, बाकी सगळं तेच. कूलरचं पाणी कोणी भरलं नाही, दूध कोणी उतू घालवलं, सगळ्यावर तिचं ध्यान. दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "टीव्हीवर माहा पिच्चर लावून दे. भुताचा."

आईला भुताचे सिनेमे आवडतात. हे आमच्या घरात कोणालाच नवीन नाही, आणि पाहुण्यांना कधीच खरं वाटत नाही. त्यातही तिचा एक ठरलेला सिनेमा आहे, जुना, हवेलीचा. लग्न होऊन हवेलीत आलेली नवरी, मेलेला सासरा, आणि पडद्याआडून हलणारं काहीतरी. मी तो भावाच्या पोराच्या मदतीने शोधला, लावून दिला आणि शेजारी बसून मेथी निवडायला घेतली. मला असले सिनेमे सहन होत नाहीत. मी पडद्याकडे पाठ केली.

थोड्या वेळाने आई पडद्याकडे बोट करून म्हणाली, "पाय, तिची टिकली गेली."

"कोणाची?"

"नवरीची. आता व्हती, आता नाई. हे पाय, आली परत."

मी हो म्हणाले. मी मेथीची पुढची जुडी सोडली.

"मेनबत्ती वाढली."

"काय?"

"मेनबत्ती व माय. अर्धी जळलेली व्हती, आता पुरी हाय."

माझा हात मेथीतच थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे पडद्यावर, चेहरा शांत, अगदी रोजचं काहीतरी सांगावं तसा. पावसाच्या आवाजात कोणीतरी किंचाळलं आणि आई म्हणाली, "एवढा पाऊस पडून राह्यला अन् याच्या सदऱ्यावर थेंब नाई." आणि मग, हळूच, "सासरा श्वास घेऊन राह्यला."

"आई, सासरा मेलाय ना त्यातला?"

"मेला ना. पन छाती हालून राह्यली त्याची."

मी मेथीची परात खाली ठेवली. हात धुवायलाही न थांबता मी स्वयंपाकघरात गेले आणि भावजयीला विचारलं. ती घाबरून म्हणाली, "कालबी असंच बोलून राह्यल्या होत्या. मले वाटलं, औषधाची गुंगी असन."

आम्ही दोघी परत बाहेर आलो तेव्हा आई पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. "तो पाय. पिवळ्या शर्टवाला. खिडकीत उभा राहून चहा पिऊन राह्यला."

खिडकीत कोणी नव्हतं. काळोख होता, जाळं होतं, एक फाटका पडदा हलत होता. भावजयीने माझा दंड धरला. मी भावाला फोन लावला.

"ताई, तयार राहाजो," तो म्हणाला. "गाडी घेऊन येतो."

आई काही केल्या गाडीत बसेना. "काऊन? टाके काढाले अजून टाईम हाय." मी खोटंच सांगितलं की पट्टी बदलायची आहे. वर्ध्याच्या वाटेवर सेलूपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, कोणाच्या शेतात नांगरट झाली, कोणाची राहिली ते सांगत होती. सगळं बरोबर. ते ऐकून मला अजूनच काही कळेनासं झालं. जिला मेलेला माणूस श्वास घेताना दिसतो, तिला रस्त्यावरचं सगळं इतकं नीट कसं दिसतं?

आमचं सगळं ऐकून घेऊन डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला, नातवाचं नाव विचारलं. तिने सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "आजी, नसलेलं काही दिसतं का तुम्हाला?"

"नाई बा. जे हाय तेच दिसते."

"मग तो मेलेला माणूस?"

"तो श्वास घेते. खरंच घेते, डॉक्टरसाहेब. पाह्यजा तुमी."

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. भावाने खाली पाहिलं. परत एक स्कॅन करून घेऊ, असं ठरलं. भाऊ तिला आत घेऊन गेला आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. काय करावं ते सुचेना, म्हणून मोबाईलवर तोच सिनेमा लावला. आवाज बंद केला. भीती आवाजाचीच वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नवरी दिवाणखान्यात येते. कपाळावर टिकली आहे. ती वळते. टिकली नाही. परत वळते. आहे. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मेणबत्ती खरंच वाढली होती. बाहेर धो धो पाऊस, आणि आत येणाऱ्या नोकराचा सदरा इस्त्रीचा, कोरडा. मग सासऱ्याचं प्रेत. मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या चादरीखाली छाती वर आली, खाली गेली. बिचारा नट श्वास रोखून दमला असावा.

मला हसू आलं, आणि लगेच रडूही. शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "कोण ॲडमिट हाये?" मी डोळे पुसले आणि सिनेमा पुढे चालू केला.

मग खिडकीचा प्रसंग आला. मी तो थांबवला, मोठा केला, परत लावला. जाळं होतं, पडदा होता. पिवळा शर्ट नव्हता, चहा नव्हता, माणूस नव्हता. दुसऱ्या कोणीतरी टाकलेली त्याच सिनेमाची आणखी एक प्रत सापडली, तीही पाहिली. नव्हता.

डॉक्टरांना मी सगळं दाखवलं. प्रेताची छाती हलताना पाहून ते मोठ्याने हसले. "म्हणजे आजींची नजर आपल्यापेक्षा चांगली आहे." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि तो चहावाला?"

"तो नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"बाकी सगळं आहे. तो तेवढा नाही."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. स्कॅन चांगला आला होता. "लक्ष ठेवा," ते पुन्हा म्हणाले. कशावर ठेवायचं, ते या वेळी त्यांनाही सांगता आलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या केसांना पट्टी सांभाळून तेल लावत होते. तेव्हा सरळच विचारलं, "तो पिवळ्या शर्टवाला तुला कधीपासून दिसतो?"

"लगन झालं तवापासून," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. लग्नानंतर बाबा तिला वर्ध्याला टॉकीजमध्ये घेऊन गेले होते. ती अल्लीपूरची, त्याआधी सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि पहिलाच पाहिला तो हा. प्रेत उठून बसलं तेव्हा ती ओरडली. बाबांनी तिच्या कानात सांगितलं, "भेऊ नको. तिकडं कोपऱ्यात पाय. खिडकीत सिनेमावाल्यायचा मानूस चहा पिऊन राह्यला. त्याले काई भेव वाटते का?"

"मग मी कोपरेच पाह्यत गेली," आई म्हणाली. "भुताकडं पाह्यलंच नाई. तवापासून मले काई ना काई सापडतेच. तुह्या बाबाले लय सापडे. आमी दोघं पाह्यत राहू."

"बाबा? सिनेमा?"

"काऊन?"

आमचे बाबा जिवंत होते तोवर सिनेमाच्या नावाने भडकायचे. मॅट्रिकला असताना मैत्रिणींबरोबर टॉकीजला जाऊ का, असं मी विचारलं होतं, तर त्यांनी ताटावरून उठून मला झापलं होतं. मी आयुष्यात टॉकीजची पायरी चढलो नाही, असं ते सगळ्यांसमोर सांगायचे. माझ्या आठवणीतले बाबा ते आहेत, टोपी, छत्री, कपाशीचा भाव आणि ओठ मिटलेले. अंधारात बायकोच्या कानाशी लागून तिला हसवणारा हा माणूस कोण, ते मला कळेना. आई चुकत होती की मी?

"ते तुमच्यासमोर तसं बोलत," आई म्हणाली. "मंग आमी बाजाराच्या नावानं जात जाऊ."

तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. मी तिच्या भांगात आणखी थोडं तेल घातलं. बाबांनी खरंच कोणी पाहिला होता, की घाबरलेल्या बायकोसाठी एक माणूस उभा केला होता? आणि तो टॉकीजमध्ये दिसत असेल, नंतरच्या प्रतींतून कोणी कापला असेल, तर आईला आमच्या टीव्हीवर अजून कसा दिसतो? मी विचारलं नाही. विचारून तो गेला असता, तर त्याच्याबरोबर बाबाही गेले असते, असं काहीतरी वाटलं.

रविवारी दुकान बंद होतं. भावाला मी सगळं सांगितलेलं होतंच. दुपारी तो स्वतःहून सिनेमा लावून आईशेजारी बसला. मीही बसले, पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून. खिडकी आली तसा तो ओरडला, "दिसला! मले दिसला, आई! तो काय, उभा हाय!"

मी पुढे वाकले. मला जाळं दिसलं आणि पडदा. भावजय म्हणाली, "कुठी? मले तं काई दिसत नाई." भाऊ उठून टीव्हीजवळ गेला आणि त्याने बोट टेकवलं. तो आईला बरं वाटावं म्हणून बोलत होता का, हे मला त्याच्या पाठीवरून ओळखता येईना. आवाज मात्र खरा होता.

आईने चष्मा वर केला, बोटाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तो नाई. तो खांब हाय."

"मानूसच हाय ना!"

"खांब हाय, बेटा. मानूस तं आता गेला. तू उशिरा पाह्यलं." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "याले काई लागलं तं नाई ना डोक्याले?"

भावजय पदर तोंडाला लावून आत पळाली. भाऊ टीव्हीसमोर बोट लावून तसाच उभा. मी आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. कोणाचं खरं मानावं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात आईचे टाके निघाले. जखम भरली होती, डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. मी कारंजाला परतायची तयारी करत होते. बॅगेत तिने कुरड्यांचा डबा कोंबला आणि विचारलं, "तुह्या घरी लावते का तू असे पिच्चर?"

"नाही ग. मला भीती वाटते."

"एकटी नको पाहू मंग," ती म्हणाली. "दिवाळीले येजो. नवा एखादा पाहू."