पांगाऱ्याचे तलवार बदक

काळाचौकीच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या जिन्याखाली, जयवंत मेस्त्रींचे सुतारकामाचे टेबल आहे. संपात गिरणी सुटली तेव्हा त्यांच्या हाती वडिलांनी शिकवलेली एकच विद्या उरली होती : शिकाऱ्यांसाठी लाकडी बदके कोरण्याची. पाण्यावर तरंगणारी ही बदके पाहून वरून जाणारा थवा निर्धास्तपणे खाली उतरे आणि लव्हाळ्यात दबा धरलेल्या माणसाच्या टप्प्यात येई. तेव्हा अशा शिकारीला परवाना मिळत असे. हंगाम कोणता आणि पाखरे किती, हे त्यावर लिहिलेले असे. १९९१ साली कायदा बदलला, परवाने बंद झाले. जयवंतरावांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पुढे त्यांनी दिवाणखान्यांसाठी बदके केली. ती चकचकीत असत, माना ऐटीत वर केलेल्या असत. पाण्यात टाकली असती तर कुशीवर कलंडली असती. एवढी एक गोष्ट त्यांना सलत असे.

गेल्या दिवाळीनंतर हर्षवर्धन नावाचा तरुण कारखानदार आला. घाटावरच्या शेतघरात मांडायला त्याला लांब, टोकदार शेपटीची चोवीस तलवार बदके हवी होती.

"माना खाली पाहिजेत, चरत असल्यासारख्या," तो म्हणाला. "पॉलिश नको, उन्हात चमकता कामा नये. आणि काका, पोटाखाली शिशाची पट्टी."

तीस वर्षांत इतकी नेमकी मागणी कोणी केली नव्हती. शिसे लागते ते बदक पाण्यात सरळ तरंगावे म्हणून; शोभेच्या बदकाला ते कशाला, हा प्रश्न जयवंतरावांच्या मनात आला. पण आनंदाच्या भरात त्यांनी तो बाजूला सारला.

आठ दिवस खपून त्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा नमुना केला आणि दारातल्या पाण्याच्या पिंपात सोडला. बदक किंचित डुलले, मग सरळ बसले. पंचाहत्तर वर्षांचा तो माणूस पिंपाच्या काठावर हात टेकून बराच वेळ पाहत राहिला.

"माका पाणी घेवचा हा," पत्नी शेवंतीबाई म्हणाल्या. "तुमचा पाखरू काढा आधी."

त्याच सकाळी हर्षवर्धन आला. पिंपात डोकावून खूश झाला. "एक नंबर, काका. धरणावर लाटा असतात, तिथेही असंच राहील ना?"

"धरणावर?"

"शेताला लागूनच पाणी आहे. थंडीत मित्र येतात, दोन बंदुका असतात. तिकडे कोण बघायला येतंय?"

जयवंतरावांनी उत्तराला एक दिवस मागून घेतला.

शेवंतीबाईंनी सगळे ऐकले होते. पन्नास वर्षे ही विद्या त्यांच्याही कानांवरून गेली होती. मान ताठ केलेले बदक म्हणजे धोक्याची खूण, हे त्यांना ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "माना वर करून देवा. एक पाखरू खाली येवचा नाय. तेका खंय कळतला?"

"तेका नाय कळाचा," जयवंतराव म्हणाले. "पण चोवीस खोटी बदकां माझ्या हातची म्हणान फिरतली."

"शिकाऱ्याक फसवलास तर पाप लागात काय?"

त्यांना हसू आले. पण विचार बदलला नाही. नकार द्यायचा तर तोंडावर द्यायचा, कामात लपवून नाही, असे त्यांना वाटत होते. कायदा बंदुकीपर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तिच्याआधी जे हात राबतात, त्यांना आपली मर्यादा स्वतःच आखावी लागते. जयवंतरावांनी हे अशा शब्दांत कधी मांडले नसते. ते आखून मात्र मोकळे झाले.

"साहेब, हे काम मी करणार नाही," दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले.

"हात थरथरतो का, काका?"

"हात ठीक आहे. तुम्ही पाखरं मारणार, म्हणून करणार नाही."

"प्लास्टिकची ऑनलाइन मिळतात. चार दिवसांत येतील."

"येतील," जयवंतराव म्हणाले. ते खरेच होते, आणि त्यांना ते आवडले नव्हते.

"नमुना तरी द्या. झालेलाच आहे."

"तोही नाही."

हर्षवर्धन गेला. जयवंतराव पिंपाशी आले. बदक बाहेर काढायला त्यांनी हात घातला, आणि तसाच मागे घेतला.

थोड्या वेळाने शेवंतीबाई तांब्या घेऊन आल्या. त्यांनी बदक हलकेच एका कडेला सारले, पाणी घेतले आणि आत गेल्या.