सुभेदाराने सोडलेला बैल

सुभेदारसाहेबांची चढती आमच्या गावाने डोळ्यांनी पाहिली. उदगीरला तहसीलदार होते तेव्हा घोड्यावर यायचे, सोबत एक शिपाई. आमच्या ओट्यावर बसून ताक प्यायचे, आजीला माय म्हणायचे. तालुकदार झाले तसे तंबू आले. सुभेदार झाल्यावर मोटार आली आणि मागच्या सामानाच्या गाड्या ओढायला गावाचे बैल लागले. मोबदला नाही. वेठच ती.

त्यांचा एक दौरा नेमका ज्वारीच्या पेरणीत आला. आमच्या एका बैलाचा खांदा सुजला होता. वडील त्याला हळद-तेल लावून बसवून ठेवत होते. ओझ्याला जुंपला तर बैल कामातून जाणार, ओल उडून जाणार, रान तसंच राहणार. वडिलांनी बैल द्यायला नकार दिला. महसुलाचं काम बघणाऱ्या गिरदावराने त्यांना चावडीत कोंडलं.

आजी म्हणाली, "माझ्या ताकाचा माणूस हाय त्यो. मी बोलते." तिने माझा हात धरला.

चावडीसमोर मोटार थांबली. साहेब उतरले आणि आजी सगळ्या लवाजम्यासमोर म्हणाली, "लेका, वळखलंस का मला?"

पाटलाचा चेहरा उतरला. सुभेदाराला चारचौघांत लेका म्हणायचं? गिरदावर ओरडला, "ए म्हातारे, हट!" आता वडिलांना आत मारतील, असं मला वाटलं. मी आजीचा पदर ओढला. ती हलली नाही. "सुजल्या खांद्याचा बैल दिला न्हाई म्हणून माझ्या पोराला कोंडलंय," म्हणाली.

साहेबांनी ओळख दाखवली नाही. एवढंच विचारलं, "बैल कुठाय?"

आमच्या गोठ्यात येऊन त्यांनी सुजलेल्या खांद्यावर बोटं दाबली. बैल कळवळला. साहेबांनी रुमालाने हात पुसला आणि गिरदावराला म्हणाले, "हा चालणार नाही. दुसरा घ्या. याच्या मालकाला सोडा." आजीकडे न बघता ते गेले.

दुसरा म्हणजे शेजाऱ्याचा. पेरणीच्या तिफणीला जुंपलेला बैल गिरदावराने तसाच सोडून नेला.

शेजारी आमच्या दारात आला. "माय, आमी त्याला ताक पाजलं न्हाई, म्हणून आमचा बैल का?"

आजी म्हणाली, "माझा पोरगा सुटला. बाकीचं मला नको इचारू."

सूज उतरल्यावर वडिलांनी आमचं रान पेरलं. शेजाऱ्याचा बैल अजून परतला नव्हता. ओल थोडी उरली होती, म्हणून वडील आमची जोडी घेऊन त्याच्या रानाकडे निघाले. मी मागे होते.

तो बांधावरच उभा होता. "सुभेदाराचा बैल माझ्या रानात नको," म्हणाला.

वडिलांनी जोडी वळवली. त्याचं रान त्या वर्षी पडीक राहिलं.