तालुक्याचं मधलं घर

आमच्या साडूंएवढं ताक उभ्या निजामशाहीत दुसऱ्या कुणी प्यायलं नसेल, आणि तेही सरकारी कामासाठी. ते भोकरदनच्या तहसिलीत कारकून होते आणि मी तिथल्याच शाळेत मास्तर. थोरली बहीण त्यांना दिलेली, धाकटी मला. एवढ्या भांडवलावर ते मला वाटेल तिथे सोबत ओढून नेत. एका हिवाळ्यात वरून हुकूम आला, की तालुक्यातली सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीनं लावा आणि बरोबर मधोमध जे येईल त्या घराची सालाची आमदनी कळवा. सगळ्यांची बेरीज करून घरांच्या संख्येनं भागलं की झालं, असं मी सुचवलं, तर साडूंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तर, देशमुखाला बेरजेत घेतलं की समदं गाव श्रीमंत होतंय. मंग ज्याची चूल पेटली न्हाई, त्यो बी कागदावर जेवून राह्यला."

आता आमदनी विचारली की कोण सांगणार? सरकारी माणूस दारात दिसला की धडधाकट माणसं कण्हायला लागत, आणि तोच माणूस सोयरीक घेऊन आला असं कळलं की त्यांची शेतं दुप्पट होत. साडूंनी यावर विचार केला आणि असं ठरवलं, की माणूस खोटं बोलतो पण ताक बोलत नाही. घरात दूध किती, पाणी किती घातलं आणि ते घालताना हात आखडला की सैल सुटला, हे सगळं त्यांना एका घोटात कळे. घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे, आणि वर्षाची आमदनी आण्यासकट सांगायचे. मी लिहून घ्यायचो. दिवसाला तीस-तीस घरं. थंडीच्या दिवसांत एवढं ताक पिऊन त्यांचा घसा बसला, पोटातून येणारे आवाज माझ्या वर्गापर्यंत ऐकू येऊ लागले. माझ्या बायकोनं त्यांना सुंठीचा काढा करून दिला, तर तो पिऊन त्यांनी सवयीनं डोळे मिटले आणि आमच्या घराचा आकडा सांगितला. तो माझ्या पगाराहून कमी निघाला, यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता.

पुढे गावांनाही हे कळलं. पिंपळगाव रेणुकाईच्या एका बड्या असामीनं आपल्या चार म्हशी शेजाऱ्याच्या गोठ्यात लपवून आम्हाला पांढरं पाणी पाजलं. त्याच आळीत एका शिंप्याचा पोरगा लग्नाचा होता. त्यानं तीन घरचं दही उसनं आणून असं ताक केलं की वाटीत बोट उभं राहावं. साडू दोन्हीकडे पुन्हा अवेळी गेले. तिथला म्हातारा अत्तार तर म्हणाला, "कारकूनसाब, छाछ पीने को आए क्या गिनने को आए?" साडू म्हणाले, "दोनों," आणि भांडं पुढे केलं.

या सगळ्यात त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. त्यांना एकच मुलगी होती. श्रीमंताघरी दिली तर तिला टोमणे, गरिबाघरी दिली तर तिला उपास. तेव्हा तालुक्याचं मधलं घर सापडलं की पोरगी तिथंच द्यायची. वरचा अधिकारी आकड्याची वाट पाहत होता, पण साडू वाट पाहत होते जावयाची. माझी मेव्हणी रडली, मी समजावलं, उपयोग शून्य. शेवटी पिंपळगावच्या पलीकडे एका वाडीत त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "ना पातळ, ना घट्ट. बिलकुल मधोमध." त्या घरात मुलगा होता, कामसू होता आणि मुलीलाही पसंत पडला, हे देवाचेच उपकार. त्या वैशाखात लग्न झालं, आकडाही वर गेला.

वर्षानं आम्ही दोघं तिला भेटायला गेलो. लेकीच्या घरी बाप पाण्याचा थेंबही घेत नाही, ही आपल्याकडची रीत. साऱ्या तालुक्याचं ताक प्यायलेला माणूस त्या एका ओट्यावर कोरड्या तोंडानं बसून राहिला. मला हळूच म्हणाला, "तुम्ही आत जा. पिऊन या. अन् बराबर सांगा."

मी आत गेलो. पोरीनं फुलपात्र भरून दिलं. एक घोट घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, "काका, म्हैस मेली चैतात. बाबांना नका सांगू. मधलंच हाय म्हणा."

बाहेर येऊन मी सांगितलं, "मधलंच आहे." साडूंनी माझ्या हातातलं रिकामं फुलपात्र घेतलं, उन्हात तिरपं धरलं. आत कडेला काहीच चिकटलेलं नव्हतं. "बराबर," एवढंच ते म्हणाले आणि फुलपात्र उंबऱ्यावर नीट ठेवून दिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रजा टाकून ते आपली दुभती म्हैस स्वतः हाकत त्या वाडीला घेऊन गेले. "आमच्याकडं तिचं करायला माणूस न्हाई, तुमच्याकडं राहू द्या," असं व्याह्यांना सांगितलं. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो की गुळाचा काळा चहा पुढे यायचा. मी तो आवडीनं प्यायचो आणि ताकाचं नाव काढायचो नाही.