दाढेची गोळी आणि भाचीचा मांडव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू केलं की मी मधे थांबणार नाही. मी स्वतःच स्वतःचा डॉक्टर झालो होतो, तेव्हाची गोष्ट!

माझ्या भाचीचं, पूजाचं, अंबरनाथला लग्न. मी तिचा एकुलता एक मामा. "मामा, मांडवात मला तूच न्यायचं. तू नसलास तर मी खोलीतच बसून राहीन," असा तिचा दम! आणि नेमकी त्याच आठवड्यात मला लघवीला जळजळ सुरू.

"अहो, डॉक्टरकडे जा," बायको म्हणाली.

पण आमच्या कात्रपच्या घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. दुखणं बरं झालं की उरलेल्या गोळ्या त्यात. बायकोची दाढ सुजली होती तेव्हाच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल सापडल्या. म्हटलं, बायकोची दाढ ज्या गोळीने गप्प केली, तिला माझी जळजळ काय जड? घेतल्या!

आणि दुपारी काय हलकं वाटलं म्हणून सांगू! पंख्याखाली पडल्यापडल्या मी ढग झालो. गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या साड्यांवरून, पार डोंगराकडे तरंगत निघालो...

तरी बायकोने कॅम्प चार नावाच्या वस्तीत आमच्या सिंधी डॉक्टरांकडे नेलंच.

"कुछ लिया क्या, भाऊ? घरातली गोळीबिळी?"

"छे छे!" खरं सांगून टाकणारी बायको बाहेर बसली होती ना!

"कुठला जंतू आहे ते बघू, मग त्याचंच औषध देतो," म्हणत त्यांनी लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आला: जंतू वाढलेच नाहीत! मी बिल्डिंगभर पेढे वाटले. डबासुद्धा दाखवला सगळ्यांना!

हळदीच्या संध्याकाळी मात्र हुडहुडी भरली. ढोलकी लांब लांब गेली, दिवे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले. बघतो तर पंगतीला सगळे जंतू! एक टोपीवाला म्हातारा जंतू जिलेबी मोडत म्हणाला, "मामा, दाढवाल्यांची गोळी आमच्याकडे कशाला धाडलीत?"

"चुकलं हो!" मी हात जोडले. "डब्यात तीच होती! डॉक्टरांना सांगू नका!"

डोळे उघडले तर समोर गालाला हळद लावलेले डॉक्टरच! हळदीला आले होते बिचारे. शेजारी बायको.

"अरे भाऊ, दाढेचा जंतू वेगळा, हा वेगळा. तुझ्या गोळीने हे नुसते गुंगले, मेले नाहीत. गुंगलेले जंतू रिपोर्टमध्ये उगवणार कसे?"

"वर पेढे!" बायको म्हणाली.

पुन्हा लघवी दिली. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी लघवीच्या दुखण्याचं औषध सुरू केलं. लग्नादिवशी ताप उतरला, पण पाय भिजवलेल्या पोह्यांसारखे!

"मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" गुरुजींनी पुकारलं.

मी उठलो आणि भिंत धरली. पूजाने शालू सावरला, हिरव्या चुड्याचा हात माझ्या काखेत घातला आणि निघाली. अख्खा मांडव अक्षता घेऊन उभा. एवढ्यात माझ्या ताईचा आवाज आला,

"पूजे, सांभाळून आण गं मामाला!"