आवाज येऊन राहिला का

विद्यापीठाच्या भाषा विभागात प्रेमानंद मेश्रामला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, पण त्याच्याशी निवांत दोन शब्द बोललेलाही सापडायचा नाही. त्याच्याशी कोणाचंही बोलणं सुरू होतं ते एकाच वाक्याने. "प्रेमानंदजी, आवाज नहीं आ रहा." मग तो उठतो, पायऱ्या चढतो, लँग्वेज लॅबमध्ये जातो. कुठे वायर निघालेली असते, कुठे म्यूटचं बटण दाबलेलं असतं, कुठे हेडफोनची गादीच कोणी कुरतडलेली असते. आवाज सुरू होतो आणि वर्ग पुढे चालू लागतो. दार लोटून तो परत येईपर्यंत दुसऱ्या खोलीतून फोन आलेला असतो.

अशाने माणूस थकतो. पाठीने, पायाने थकतोच, पण जास्त करून कानाने थकतो. संध्याकाळी स्कूटरवरून भिलाईतल्या रुआबांध्याला घरी पोचला की त्याला कोणी बोललेलं नको असायचं. बायको सुजाता हे ओळखून होती. आई, शेवंताबाई, ओळखत होती की नाही कोण जाणे, पण ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. स्कूटरचा स्टँड लागायच्या आत तिचा आवाज अंगणात यायचा. "आला का बे? हातपाय धू. तुया बाबाले उठव. भात थंडा होऊन राहिला."

बाबा म्हणजे देवाजी. भंडाऱ्याकडून पोटासाठी भिलाईत आले, स्टील प्लांटच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये लागले आणि रिटायर झाले तेव्हा कान मिलमध्येच ठेवून आले. टीव्ही ऐकू येत नाही, मोनालीने, म्हणजे नातीने, कानाशी तोंड नेऊन सांगितलं तरी अर्धंच कळतं. मात्र स्वयंपाकघरातून शेवंताबाईने हाक मारली की अंगणातल्या खाटेवरून लगेच उत्तर यायचं, "येऊन राहिलो." हे कसं जमतं ते घरात कोणाला कळलं नव्हतं. सगळे त्यावरून त्यांना चिडवायचे आणि देवाजींना तेही ऐकू यायचं नाही.

शेवंताबाईचा घसा बसला तेव्हा सगळ्यांनी गुडाखूला दोष दिला. ती तंबाखूची काळी पेस्ट दातांना घासायची सवय तिला शेजारच्या छत्तीसगढी बायांकडून लागली होती. मध आणि आलं देऊन झालं. मग तपासण्या झाल्या आणि रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. प्रेमानंद कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. जन्मभर लोकांचे आवाज सुरू करत फिरलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि त्या दिवशी त्याला स्वतःच्या कामाची चीड आली.

त्याच सुमारास विभागात अन्नपूर्णा मॅडम आल्या होत्या. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, नागपूरकडची मराठी मुलगी. शिकवायची भाषाविज्ञान आणि संगणक. भिलाईत बोलल्या जाणाऱ्या भाषा संगणकाला बोलता याव्यात असा तिचा खटाटोप चालला होता. माईक लावणं, रेकॉर्डिंग कापणं, साफ करणं हे काम अर्थातच प्रेमानंदकडे. आईचं कळल्यावर तीच म्हणाली, "भाऊ, ऑपरेशनच्या आधी आईंचा आवाज भरून घेऊ. मग त्या फोनवर लिहितील आणि फोन त्यांच्या आवाजात बोलेल."

रविवारी तो आईला लॅबवर घेऊन गेला. ती विहारात जाताना नेसायची ती पांढरी साडी नेसून आली होती. माईकमध्ये घरघर नको म्हणून पंखा बंद, एसी बंद. समोर वाक्यं छापलेली. शेवंताबाईने चष्मा लावला, पाठ ताठ केली आणि विहारात वंदनेनंतर पुस्तक वाचते त्या सुरात वाचायला लागली. "मला पाणी हवे आहे. आज हवामान चांगले आहे." 'हवे' हा शब्द तिने आयुष्यात कोणाकडे पाणी मागताना वापरला नव्हता.

"माय, घरी बोलते तशी वाच ना."

"हे युनिव्हर्सिटी हाय बे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आन पंखा कावून बंद केला? मले घाम फुटून राहिला."

ती पुन्हा वाचायला लागली. मधेमधे अशीच बडबडत होती. घरी गॅस बंद केला का, देवाजींनी गोळी घेतली का, ही खुर्ची कोणी बनवली. कापायला बसल्यावर प्रेमानंदचा हात सवयीने त्या बडबडीवर गेला, कारण कागदावर नसलेलं सगळं काढून टाकायचं हाच नियम होता. अन्नपूर्णा मॅडमने त्याला थांबवलं. "ते राहू द्या भाऊ. खऱ्या आई तर तिथेच आहेत." वाचताना सूर विहारातला आणि मधे घरचा, असं सगळंच मशीनला शिकवलं गेलं.

ऑपरेशन नीट झालं. शेवंताबाई घरी आली ती गळ्यात श्वासाचं भोक आणि हातात पाटी घेऊन. जरा ताकद आल्यावर प्रेमानंदने तिच्या हातात फोन दिला. तिने एका बोटाने लिहिलं आणि फोन बोलला, "मला चहा हवा आहे."

आवाज तिचा होता, अगदी तिचा. मोनाली "आजी, सेम टू सेम!" म्हणत रडायला लागली. देवाजी तेवढे खाटेवर बसून पायाचं नख पाहत राहिले.

दुपारी तिने लिहिलं, "कृपया जेवायला या." फोनने दोनदा सांगितलं. देवाजींनी मान वर केली ती वैतागून. "मोबाईलवर कोन बाई बोलून राहिली? बंद करा ते."

शेवंताबाईने फोन फळीवर ठेवून दिला.

मग घरात जी शांतता पसरली ती प्रेमानंदला सोसेना. हीच शांतता तो रोज मागत होता, हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. आई ताट वाजवायची, देवाजींना हलवून उठवायची. ते उठायचे, चार घास खायचे, हात धुवायचे. दोघंही एकमेकांकडे पाहीनाशी झाली. म्हातारा बघता बघता वाळत चालला आणि म्हातारी पाटीवरसुद्धा लिहीना. प्रेमानंदने त्याला येत होतं ते सगळं केलं. आवाज वाढवला, स्पीकर आणून अंगणात टांगला. शेवटी अन्नपूर्णा मॅडमकडे जाऊन म्हणाला, "मॅडम, आवाज जाऊनच नाई राहिला बाबापर्यंत."

मॅडमनी फोनमध्ये आईने लिहिलेली वाक्यं पाहिली आणि त्या हसल्या. हसताना त्यांचे डोळे ओले झाले. "भाऊ, आमच्या आईने बाबांना 'कृपया जेवायला या' म्हटलं तर त्यांना वाटेल कोणी पाहुणी आली. लिहाल तेच मशीन बोलणार. आईंना म्हणावं, बोलत होत्या तसं लिहा."

इतकं साधं होतं. त्याने घरी येऊन सांगितलं. शेवंताबाईने कितीतरी दिवसांनी पाटी ओढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "असे लिहीत नाहीत."

"कोन पाहून राहिलं माय? घरचंच तर हाय."

तिने तेच वाक्य पुन्हा गिरवलं. प्रेमानंदला राग आला आणि तो गिळावा लागला, कारण तिच्या हट्टामागचं कारण त्याला ठाऊक होतं. तिच्या माहेरी अक्षर पहिल्यांदा आलं ते तिच्याच हाताने. शाळेत तिने 'मला'ऐवजी 'मले' लिहिलं तेव्हा वर्ग हसला होता आणि त्यानंतर ते तिने कधी लिहिलं नाही. शेजारच्या मरोद्याच्या वस्तीतल्या बायांची गावाकडची पत्रं तीच लिहून द्यायची. त्या 'मले, तुले' सांगायच्या आणि ही कागदावर 'मला, तुला' करून द्यायची. लिहिणं म्हणजे शुद्ध लिहिणं, याच्यावर तिची मान ताठ होती. ती मान आता वाकव, असं पोराने कोणत्या तोंडाने सांगावं?

"मंग राहू दे," तो म्हणाला. फोन फळीवर ठेवता ठेवता त्याने एवढंच केलं की आपोआप शब्द सुधारणारी सोय त्यातून बंद करून टाकली. आशेने केलं असंही नाही. हात शिवशिवतात म्हणून केलं.

पुढच्या रविवारी दुपारी तो कूलरसमोर चटईवर पडला होता. ताटं वाढून झाली होती. शेवंताबाईने दारात उभं राहून टाळी वाजवली. देवाजी पेरूच्या झाडाखाली पाठमोरे बसलेले. तिने ताट वाजवलं. काही नाही. मग ती तरातरा आत आली, फळीवरचा फोन काढला आणि उंबऱ्यात बसून लिहायला लागली. खूप वेळ लागला. लिही, पूस, पुन्हा लिही. तिचे ओठ आवाजाविना हलत होते. रोज बोललेला शब्द लिहायचा कसा, हे ती ओठांवर घोळवून पाहत होती. प्रेमानंद उठला नाही. श्वाससुद्धा त्याने हळूच घेतला.

फोन बोलला. "अवो, जेव्याले येता का नाई? कवाची बलावून राहिली मी."

जेव्याले या शब्दावर मशीन जरासं अडखळलं. पण सूर तोच, कातावलेला, भात थंड होतोय म्हणणारा.

देवाजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पाय खाली सोडले आणि चपला चाचपायला लागले.

"येऊन राहिलो ना," ते म्हणाले. "बोंबलून कावून राहिली?"

शेवंताबाईने फोन पदराने पुसला आणि भात वाढायला आत गेली.