इंदूने घास गिळला

ज्याने चोच दिली तो चाराही देईल, असे माझ्या सासूबाई येता-जाता म्हणत. त्या काळी मला त्या बोलण्याचा फार राग येई. चारा आमच्याकडे होताच. पिपरीच्या घरी दुभती गाय होती, शेतातली ज्वारी होती आणि यांची वर्ध्याला कचेरीत नोकरी होती. पण माझ्या इंदूला तो चारा गिळताच येत नव्हता. तिला तिसरे वर्ष लागले होते, तरी अंगावर मांस म्हणून नव्हते. उचलून घेतली की हातपाय काठीसारखे ताठ होत आणि मान मागे जाई. ओठांशी काही नेले की जीभ ते बाहेर ढकलून देई. म्हणून आम्ही तिला मांडीवर आडवी घालायचो, डोके मागे धरायचो आणि बोंडल्याने दूध घशात ओतायचो. मग ठसका. दूध नाकातून बाहेर, डोळे पांढरे, आणि चार-आठ दिवसांनी छाती भरून ताप. जन्मताना मेंदूला इजा झाली आहे आणि दूध श्वासाच्या वाटेने जाते म्हणून छाती भरते, असे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले होते. फार जपा, एवढेच त्यांना म्हणता आले. जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते मला कळत नव्हते. दर जेवणाच्या वेळी मी लेकीला जेवू घालते आहे की तिचा जीव घेते आहे, असे वाटायचे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची, पण मागायला तोंड उघडत नसे.

अशात सासूबाईंनी केळझरच्या गणपतीला जायचे काढले. "केयझरले जाऊन येऊ, सूनबाई. पोरीले त्याच्या पायावर घालू. मंग तो जाने आन् त्याचं काम जाने." मला जायचे नव्हते. एवढ्या लांबच्या प्रवासात पोरगी आणखी आजारी पडेल, ही भीती होती. पण म्हातारीचे मन मोडवेना. यांनी रजा काढली, दमणीत गवत पसरून त्यावर गोधडी घातली, आणि चतुर्थीला सकाळीच आम्ही त्या छोट्या बैलगाडीने निघालो. वाटेत सासूबाई मला जुनी कथा सांगत होत्या. केळझर म्हणजे पांडवांच्या वेळची एकचक्रानगरी. बकासुरासाठी नेलेला गाडाभर भात भीमाने तिथेच बसून फस्त केला म्हणतात. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, देवा, त्या गाड्यातली दोन शिते तरी माझ्या लेकीच्या पोटात जाऊ देत!

टेकडीवर गर्दी होती. दर्शन झाले. सासूबाईंनी इंदूला देवाच्या पायरीवर टेकवली, पण माझ्या मनात काहीच हलले नाही. त्या प्रदक्षिणा घालायला थांबल्या. हे बैलांना पाणी पाजायला खाली गेले. मी पायऱ्यांच्या कडेला झाडाच्या सावलीत बसले. इंदू भुकेने कण्हत होती. नेहमीसारखी तिला आडवी घेतली आणि बोंडले लावले. दुसऱ्याच घोटाला ठसका लागला. पण या वेळी ठसक्याचा आवाजच येईना. ओठ निळे पडले. मी ओरडले असावे, पण माझ्या तोंडून शब्द निघाला की नाही, कोण जाणे.

"आडवी नोको ठेवू वं तिले! उचल, उचल लवकर!"

पायऱ्यांवरून एक बाई धावत आली. तिने पोरगी माझ्या हातातून घेतली, पुढे वाकवून आपल्या हातावर पालथी धरली आणि पाठीवर थापट्या मारल्या. भळकन दूध बाहेर पडले आणि इंदू रडली! मीही रडू लागले.

"रडू दे तिले. रडते म्हंजे जीव आला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू तिच्या नरड्यात ओतून राह्यली ना, म्हनून असं होते. मी बी असंच करत होती."

"तुमच्या घरीही असं लेकरू आहे?" मी विचारले.

तिने खाली बोट दाखवले. "ते पाह्य, माही सुशी."

चार पायऱ्या खाली एका माणसाच्या मांडीवर नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती. पाय इंदूसारखेच ताठ, एक हात तसाच वाकडा. आणि ती केळे खात होती! ओठ मिटून, सावकाश चावत. मी बघत राहिले. तिच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तिने गिळले, आणि आम्ही बघतो आहोत हे पाहून ती हसली.

"ही गिळते?" मी विचारले.

"गिळते काय, भांडते! अजून पायजे म्हनते!"

आजवर माझ्या मुलीसारखे दुसरे लेकरू मी पाहिलेच नव्हते, आणि इथे तसेच लेकरू केळे खात होते! बाईने भराभरा सांगितले. तिचे माहेर सेलूचे, नवरा मुंबईला रेल्वेत. तिथे अशा मुलांसाठी एका इस्पितळात एक बाई येतात. त्या हे काम विलायतेत शिकून आल्या आहेत आणि आयांना शेजारी बसवून लेकरू कसे धरायचे, कसे भरवायचे ते शिकवतात. सुशी तिथेच शिकली. या मायलेकी सेलूला भावाकडे आल्या होत्या, म्हणून त्याच्यासोबत दर्शनाला आल्या. दर्शन घेऊन पायऱ्या उतरूही लागल्या होत्या, पण तांब्या वर विसरला म्हणून ही पुन्हा पायऱ्या चढत होती. म्हणून ती त्या घडीला तिथे होती. मी एवढेच सांगते. यावर मला वाद घालायचा नाही.

तेवढ्यात सासूबाई प्रसादाची केळी घेऊन आल्या. बाईने एक केळे वाटीत पार कुस्करून घट्ट लगदा केला. "पातळ नोको. पातळ सरकन नरड्यात पयते, तिले सांभायता येत नाई." मग तिने इंदूला माझ्या मांडीवर बसते केले. कमरेत वाकवले, गुडघे वर घेतले, दोन्ही हात पुढे आणले. मी पाहतच राहिले. माझी ताठ पोरगी सैल पडत होती! मान मागे जाऊ नये म्हणून तिने माझा डावा हात इंदूच्या डोक्यामागून फिरवला. माझे एक बोट खालच्या ओठाखाली ठेवले, दुसरे हनुवटीखाली. "दाबू नोको, नुसता आधार दे. आता चमचा समोरून, खालून आन. जिभीवर हलकासा टेकव. ओतू नोको."

"मग?"

"मंग थांब."

मी थांबले. इंदूची जीभ पुढे आली, चमच्याला लागली आणि मागे गेली. ओठ थरथरले. मला वाटले, आता ठसका येणार. बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब वं. तिचं ती करते." आणि इंदूचे ओठ चमच्यावर मिटले! माझ्या बोटाखाली हनुवटी हलली आणि घास खाली गेला. ठसका नाही, खोकला नाही, काही नाही! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की माणसे वळून पाहू लागली. सासूबाईंनी तिथेच "गणपती बाप्पा मोरया!" म्हणून गजर केला. हे खालून धावत आले. त्यांना वाटले, पोरगी गेली. "काय झालं? काय झालं?" "घास गिळला! इंदूनं घास गिळला!" हे इंदूसमोर पायरीवर बसले आणि म्हणाले, "पुन्हा भरव. मले पाहू दे." मी पुन्हा भरवला. तिने पुन्हा गिळला.

ती बाई मुंबईला परत जाईपर्यंत मी इंदूला घेऊन सेलूला जात राहिले. जेवल्यावर बराच वेळ बसतेच ठेवायचे, घाई करायची नाही, लेकरू दमले की थांबायचे, हे सगळे तिने माझ्याकडून करून घेतले. गावच्या सुताराने यांच्या सांगण्यावरून एक खोलगट पाट-खुर्ची बनवली, पाठीला आणि दोन्ही बाजूंना टेका असलेली. घट्ट पेज, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी असे आम्ही पुढे गेलो. सगळे दिवस चांगले नव्हते. कधी अर्धी वाटी अंगावर सांडायची, कधी मीच चिडून चमचा ठेवून द्यायची. पण त्या हिवाळ्यात इंदूची छाती भरली नाही. गालांवर तुकतुकी आली. पाय ताठ ते ताठच राहिले, ती चालली नाही, आणि मी त्याचे खोटे सांगणार नाही. मात्र दुपारी वाटीचा आवाज झाला की ती खिदळायला लागली!

देवाला शरण जाणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, असे मला तोवर वाटत होते. माझा तो समज गेला. आपल्या हाताने होईल तेवढे जपून, मन लावून करायचे, आणि पुढचे जे आपल्या हातात नाही त्यावर जोर करायचा नाही. मी दिवसातून चार वेळा तेच करत होते, आणि रोज थोडी भीती कमी होत होती.

उन्हाळ्यात यांच्या चुलतभावाचे लग्न निघाले. आजवर कोणत्याही कार्यात मी इंदूला घेऊन आतल्या खोलीत बसायची आणि सगळ्यांचे झाल्यावर दोन घास खायची. या वेळी सासूबाईंनी माझा हात धरून मला बायकांच्या पंगतीत नेले. "बस. लेकीले घेऊन बस." मी इंदूला मांडीवर नीट बसती केली. वाढायला नवरीकडचा एक पोक्त माणूस होता. त्याला आमचे काहीच ठाऊक नव्हते. त्याने माझ्यापुढे पत्रावळ ठेवली, इंदूकडे पाहिले आणि काही न विचारता शेजारी दुसरी पत्रावळ ठेवली. भात वाढला, वरण वाढले, तुपाची धार सोडली. वास येताच इंदूने आ केला.

"अवं बाई, भरव तिले लवकर," तो म्हणाला. "भुकेजली पोरगी!"

लोकांनी तिला बिचारी म्हटले होते, लुळी म्हटले होते, मागच्या जन्मीचे काहीबाही म्हटले होते. भुकेली कोणी म्हटले नव्हते. मी वरणभात कालवला. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. जेवणाआधी पंगतीत देवाचे नाव घेतात, ते मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने घेतले. शेजारच्या बायका हसल्या. हसू देत! माझी लेक पंगतीत जेवत होती.