अर्धा पेढा
खवा आटायचा वास आला की परंड्याच्या दूध केंद्राचं ते ऑफिस आठवतं. खाली भट्टी, वर आम्ही. दूध घालणाऱ्यांचे नवे मोबाइल नंबर मी कॉम्प्युटरवर एका वेगळ्या टेबलात टाइप केले होते आणि आठवडाभर ते एकेक करून सभासदांच्या मुख्य टेबलात उतरवत होतो. नव्यानं लागलेल्या मुलीनं सभासद क्रमांक जुळवून एकाच कमांडनं सगळे भरून टाकले. "लई भारी!" म्हणत साहेबांनी तिच्या हातावर गरम पेढा ठेवला. माझा नुसता जळफळाट. तिची चूक शोधत बसलो. एक नंबर नऊच आकडी निघाला तसा सगळ्यांदेखत ओरडलो, "हे बघा!" ती हळूच म्हणाली, "दादा, मी तुमच्याच टेबलातून उचललाय," आणि अर्धा पेढा माझ्यापुढं धरला. तो लई गोड होता, याचाच मला अजून राग येतो.